मृत्यूनंतरचे वैद्यकर्तव्य : दाखला, पंचनामा आणि शवाचा सन्मान

रुग्णाचा अखेरचा श्वास थांबला की चिकित्सा संपते. वैद्याचे कर्तव्य मात्र संपत नाही. चरकसंहितेतील इंद्रियस्थानाचे बाराही अध्याय अरिष्टविचाराला वाहिलेले आहेत आणि आसन्नमरण रुग्णाविषयी कोणी विचारल्यावाचून वैद्याने मृत्यूची वाच्यता करू नये, हा संयमही तेथेच शिकविलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शवपरीक्षणाचा विधी येतो. यापुढचा भाग, म्हणजे मृत्यूची नोंद, कारणाचा दाखला, संशयास्पद मृत्यूची वर्दी आणि देहाची योग्य बूज, हा आजच्या काळात कायद्याने आपल्यावर सोपविला आहे. अगदतंत्र व व्यवहारायुर्वेद या विषयात आपण तो पदवीपुरता वाचतो. रामवाडीत आणि पेण-रोहे परिसरातील वाड्यावस्त्यांवर व्यवसाय करताना मात्र तो अपरात्री दारावर थाप मारून येतो. घरात देह ठेवलेला असतो, नातेवाईक खोळंबलेले असतात आणि ‘डॉक्टर, फक्त सही द्या’ एवढीच मागणी असते. त्या सहीचा अर्थ नीट समजून घ्यावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

अंत्यविधीचे नियमन कोणाकडे?

अंत्यविधीसंबंधी संपूर्ण देशाला लागू असा एकच स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. दफनभूमी व स्मशानभूमी हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत येतात. गावपातळीवर त्यांची व्यवस्था १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार पंचायतीकडे असते. मृत्यूची नोंद मात्र १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाखाली होते आणि हा कायदा केंद्राचा आहे. घरी मृत्यू झाल्यास कुटुंबप्रमुखाने २१ दिवसांच्या आत निबंधकाला माहिती द्यावयाची असते. स्मशानभूमीच्या व्यवस्थापकावरही कळविण्याची जबाबदारी आहे. वर्ष उलटल्यावर नोंद करावयाची झाल्यास पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने, जी १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली, हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. वारस नोंद, विमा, निवृत्तिवेतन ही सारी कामे या एका नोंदीवर अवलंबून असल्याने तिची हेळसांड कुटुंबाला वर्षानुवर्षे भोवते.

मृत्यूचा निर्णय आणि कारणाचा दाखला

या दोन गोष्टी भिन्न आहेत आणि व्यवहारात त्यांचीच सर्वाधिक गल्लत होते. मृत्यू झाला आहे हे तपासून सांगणे कोणाही नोंदणीकृत वैद्याला शक्य आहे. मृत्यू कशाने झाला याचा दाखला देण्याचा अधिकार आणि कर्तव्य मात्र अखेरच्या आजारात ज्याने उपचार केले त्याचेच. तो दाखला विनाविलंब व विनाशुल्क द्यावयाचा असतो. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना क्रमांक ४ आणि अन्यत्र झालेल्या मृत्यूसाठी नमुना ‘४ अ’ वापरतात. २०२३ च्या दुरुस्तीनुसार आजाराचा पूर्वेतिहासही त्यात अपेक्षित आहे.

आयुर्वेद पदवीधराला हा अधिकार आहे की नाही, अशी शंका काही कार्यालयांत अजूनही काढली जाते. १९७० च्या भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद अधिनियमाने नोंदणीकृत वैद्याला कायद्याने आवश्यक दाखल्यांवर सही करण्याचा, तसेच न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देण्याचा अधिकार दिला होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यानेही तो कायम ठेवला आहे. मात्र नोंदणी चालू असणे आवश्यक आहे आणि सहीखाली नोंदणी क्रमांक स्पष्ट लिहिला पाहिजे.

कारण लिहिताना ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहून भागत नाही. ती प्रत्येक मृत्यूत बंद पडतेच. तात्कालिक कारण, त्यामागचे कारण आणि मूळ व्याधी अशा क्रमाने लिहावे. येथे रोगनामे आधुनिक वैद्यकातील प्रचलित वापरावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत पारंपरिक वैद्यकाचे प्रकरण आहे. परंतु ते मृत्यूच्या कारणांच्या नोंदीसाठी नाही.

मृत्यूचा निर्णयही घाईने करू नये. नाडी, श्वसन, हृदयध्वनी आणि बाहुल्यांची प्रतिक्रिया ही सर्व लक्षणे काही मिनिटे तपासावीत. कोकणात मण्यारदंशाचा विचार विशेषेकरून हवा. त्या विषाने पापण्या मिटतात, सर्वांग लुळे पडते, बाहुल्याही प्रतिसाद देत नाहीत आणि जिवंत माणूस मृतवत भासतो. कृत्रिम श्वासोच्छ्वास देत तातडीने रुग्णालयात पोहोचविल्यास असा रुग्ण वाचू शकतो. तेथे ‘संपले’ हा शब्द उच्चारणे म्हणजे उपचाराचे दार आपल्याच हाताने लावून घेणे होय.

कोठे सही करू नये?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम १९४ मध्ये, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये, पोलिसांनी चौकशी करावयाचे मृत्यू सांगितले आहेत. आत्महत्या, दुसऱ्याच्या हातून, प्राण्यामुळे, यंत्रामुळे वा अपघाताने आलेला मृत्यू, तसेच गुन्ह्याचा संशय निर्माण करणारा मृत्यू त्यात येतो. सर्पदंश, विजेचा धक्का, बुडणे, भाजणे, झाडावरून पडणे, विषबाधा या सर्वांत पोलिसांना वर्दी, पंचनामा आणि आवश्यक तेथे शवविच्छेदन हाच मार्ग होय. विवाहास सात वर्षे पूर्ण न झालेल्या स्त्रीच्या मृत्यूबाबत कायदा विशेष दक्ष आहे. ज्याला आपण कधी तपासलेच नाही, त्याच्या मृत्यूचे कारणही आपण लिहू नये. खोटा दाखला देणे आणि पुरावा नष्ट करण्यास साह्य करणे हे दोन्ही फौजदारी गुन्हे आहेत.

‘शवाची चिरफाड नको’ ही नातेवाइकांची भावना आपण समजू शकतो. परंतु त्यांना दुसरी बाजूही सांगावी. शेतात सर्पदंशाने गेलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख रुपयांचे साह्य मिळू शकते. पंचनामा व शवविच्छेदन अहवाल नसेल तर अपघात सिद्ध करणे अवघड होते. चितेबरोबर पुरावाही जळतो आणि मागे राहिलेली विधवा कार्यालयांचे उंबरठे झिजवते.

गागोद्याचा धडा

विनोबांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाणारे गागोदे पेण तालुक्यातच आहे. याच परिसरातील रानात मे २०१२ मध्ये जळालेले मानवी अवशेष सापडले. काही नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पाठविण्यात आले, उरलेले तेथेच पुरण्यात आले. परंतु गुन्हा वा अकस्मात मृत्यूची नोंद झाली नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये शीना बोरा प्रकरण उघडकीस आले, तेव्हा ती जागा पुन्हा उकरावी लागली. पुढे जून २०२४ मध्ये अस्थी सापडत नसल्याचे विशेष न्यायालयास सांगण्यात आले आणि पुढच्याच महिन्यात त्या तपास यंत्रणेच्या दिल्ली कार्यालयात असल्याचे निष्पन्न झाले. खटल्याच्या गुणदोषांत शिरण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. एक ओळ वेळेवर लिहिली न गेल्यास मृतदेहाची ओळख तीन वर्षे मातीखाली राहते, एवढाच बोध येथे घ्यावयाचा आहे.

आपल्याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण इरशाळवाडीचे. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता असताना शोधकार्य थांबवावे लागले. जेथे देहच हाती नाही, तेथे वैद्याच्या दाखल्याचा प्रश्न उद्भवत नाही. तो निर्णय प्रशासनाचा. मात्र आपल्या जुन्या रुग्णनोंदी अशा वेळी ओळख पटविण्यास उपयोगी पडू शकतात, म्हणून त्या जपून ठेवाव्यात.

औषधालयचालकांसाठी

वत्सनाभ, कुचला, धत्तूर, भल्लातक, पारद इत्यादी द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट ‘ई (१)’ मध्ये येतात आणि त्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. अशा कल्पाचे सेवन करणाऱ्या रुग्णाचा अनपेक्षित मृत्यू झाल्यास उरलेले औषध परत घेऊ नये, फेकू नये. विक्रीची पावती, उत्पादक आणि बॅच क्रमांक शोधून ठेवावा. पोलिसांनी मागितल्यास पंचनाम्याखालीच नमुना द्यावा. निर्दोष औषधाचा बचावही याच कागदांनी होतो.

दान आणि सन्मान

सुश्रुताने परीक्षणासाठी कोणते शव घ्यावे हे सांगताना सर्व अवयव शाबूत असलेले, विषाने न मेलेले, दीर्घव्याधीने न पिडलेले, शंभर वर्षांचे नसलेले अशी लक्षणे दिली आहेत. १८३६ साली कलकत्त्यात शवविच्छेदनास हात घालणारे पंडित मधुसूदन गुप्त हेही वैद्यपरंपरेतीलच होते. आज महाराष्ट्रात १९४९ चा शरीरशास्त्र अधिनियम बेवारस व दान केलेल्या देहांचे नियमन करतो. देहदानाची इच्छा रुग्णाने हयातीतच नोंदवावी आणि घरच्यांनाही सांगून ठेवावी. नेत्रदान सामान्यतः सहा तासांच्या आत व्हावे लागते. वार्धक्य वा चष्मा त्याच्या आड येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात (१९९५) घटनेच्या कलम २१ मधील प्रतिष्ठेचा हक्क मृतदेहापर्यंत पोहोचविला. आश्रय अधिकार अभियान प्रकरणात (२००२) बेघर मृतांच्या सन्मान्य अंत्यविधीचा विचार झाला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने मे २०२१ मध्ये, देयक थकले म्हणून रुग्णालयाने मृतदेह अडवून ठेवू नये, असे स्पष्ट केले. आपल्यापैकी जे लहान रुग्णालये चालवितात, त्यांनी हे आपल्या कर्मचाऱ्यांनाही सांगून ठेवावे.

प्रत्येक चिकित्सालयात नमुना ‘४ अ’ च्या प्रती, निबंधकाचा, पोलीस ठाण्याचा व पोलीस पाटलाचा दूरध्वनी क्रमांक आणि जवळच्या नेत्रपेढीचा पत्ता एकत्र लावलेला असावा. मध्यरात्री शोधाशोध करावी लागली की मन दबावाला बळी पडते. आपल्या शाखांनी वर्षातून एक बैठक पोलीस अधिकारी व निबंधक यांच्यासमवेत याच विषयावर घ्यावी, अशी आमची सूचना आहे.