लाजेचे माप ज्याचे त्याच्या पदरात

अत्याचाराचे खटले चालवताना एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. साक्षीदार नाव, गाव, तारीख बिनचूक सांगतो आणि नेमका प्रसंग आला की त्याची वाचा बसते. काही वर्षांपूर्वी माझा एक अशील, चाळिशीचा शेतमजूर, साक्षीला उभा होता. भर चौकात बायकामुलांदेखत त्याला चपलांनी मारले होते. पुढचे विचारले तेव्हा मान खाली घालून एवढेच म्हणाला, "वकीलसाहेब, लाज वाटते." मारणारे मात्र मागच्या बाकावर निवांत बसले होते. लाज वाटायची कोणाला आणि वाटत होती कोणाला!

आपण कार्यकर्ते अशा माणसाला सांगतो, "विसर आता, खंबीर हो." सांगून विसरता आले असते तर तो कधीच विसरला असता. भयंकर प्रसंगाची आठवण इतर आठवणींसारखी जुनी होत नाही. एखादा आवाज, एखादा वास पुरेसा होतो आणि माणूस पुन्हा त्याच चौकात जाऊन पडतो. त्या आठवणीला एक वाक्यही चिकटलेले असते : "मी कवडीमोलाचा आहे", "चूक माझीच असेल".

या चिकटलेल्या वाक्यावर काम करणारी एक उपचारपद्धती आहे. तिला 'ई.एम.डी.आर.' म्हणतात. अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांना 1987 साली बागेत फिरताना जाणवले की, डोळे इकडून तिकडे हलत असताना त्रासदायक विचारांची धार बोथट होते. 1989 साली त्यांनी आपला पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. योगायोग असा की, आपला अत्याचार प्रतिबंधक कायदाही 1989 चाच.

उपचार एकूण आठ टप्प्यांचा असतो. आधी ओळख, विश्वास आणि मन सावरण्याची तयारी. मग त्या प्रसंगाचे सर्वांत बोचरे चित्र मनात आणायचे आणि त्यासोबत येणारे वाक्य शोधायचे. त्रास शून्य ते दहा या मापात किती, तेही सांगायचे. मग उपचार करणारी व्यक्ती डोळ्यांसमोर दोन बोटे डावी-उजवीकडे हलवते आणि आपण नजरेने त्यांचा पाठलाग करायचा. थोडा वेळ झाला की थांबून, मनात काय आले ते सांगायचे. पुन्हा तेच. यात संमोहन नाही, माणूस पूर्ण जागा असतो. घडलेले सगळे तपशीलवार सांगण्याची सक्तीही नसते. ज्याची लाजेनेच वाचा बसली आहे, त्याच्यासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. आठवण पुसली जात नाही, तिचा डंख कमी होतो. "चूक माझी" या वाक्याच्या जागी "गुन्हा त्यांचा होता" हे वाक्य मनापासून पटू लागते.

ही काही जादू नाही. डोळे हलवण्याचा नेमका वाटा किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. चित्र आठवणे आणि बोटांचा पाठलाग ही दोन कामे एकाच वेळी केल्याने चित्र फिके पडते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत आघातोत्तर विकारासाठी ही पद्धत सुचवली आहे. आपल्या देशात 2001 च्या गुजरात भूकंपानंतर मुलांसाठी ती वापरली गेली. उपचार मात्र प्रशिक्षित तज्ज्ञाकडूनच घ्यावा.

1901 साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या नऊ वर्षांच्या भीमरावाला जात कळताच गाडीवान मिळेना, रात्रभर पाणी मिळाले नाही. अनेक वर्षांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी तो प्रवास बारीकसारीक तपशिलांसह लिहिला. त्यात लाजेने झाकलेले काही नाही, कारण लाज त्यांची नव्हतीच. पण प्रत्येकाला हे बळ एकट्याने कमावता येईलच असे नाही.

उपचार न्यायाची जागा घेऊ शकत नाही. गावात रोज तोच अपमान होत असेल तर नुसती बोटे हलवून काय होणार? पण न्यायाच्या लांब वाटेवर माणूस टिकायला हवा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 15-अ प्रमाणे तपास आणि खटला चालू असताना सामाजिक व आर्थिक पुनर्वसन मिळणे हा पीडिताचा हक्क आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 18 ने जातीवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. मग भरपाईच्या अर्जासोबत मानसोपचाराचा अर्ज का नको? जिल्हा दक्षता समितीच्या बैठकीत हा प्रश्न का नको? निदान 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक तरी वस्तीवस्तीत पोहोचवू या.

पीडिताच्या घरी गेल्यावर आपण विचारतो, "एफ.आय.आर. झाला का?" यापुढे आणखी एक प्रश्न विचारू या : "झोप लागते का?"

जयभीम!