देखणे अक्षर, नाजूक रेघ

इंग्रजी लग्नपत्रिका, अत्तराचे खोके आणि फॅशन मासिकांचे मथळे यांवर एका विशिष्ट वळणाची तिरपी रोमन अक्षरे वारंवार दिसतात. मुख्य दांडे भरघोस जाड, त्यांना जोडणाऱ्या रेघा मात्र केसासारख्या बारीक. दांड्याच्या टोकाशी असलेली आडवी रेघ, म्हणजे सेरिफ, तीही तशीच नाजूक. 'बोदोनी इटॅलिक' हे या घराण्यातील ठळक नाव.

जांबात्तिस्ता बोदोनी यांचा जन्म १७४० मध्ये उत्तर इटलीतील सालुत्सो येथे झाला. १७६८ मध्ये पार्माच्या ड्यूकच्या छापखान्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. गुळगुळीत कागद व गडद काळी शाई वापरल्यास बारीक रेघही स्वच्छ उमटते, हे इंग्लंडमध्ये जॉन बास्करव्हिल यांनी आधीच दाखवून दिले होते. इटलीत बोदोनी यांनी आणि पॅरिसमध्ये दिदो घराण्याने जाड-बारीक रेघांतील हा फरक टोकाला नेला. बोदोनी १८१३ मध्ये निवर्तले. त्यांच्या अक्षरांचा द्विखंडी नमुनाग्रंथ पत्नी मार्गेरिता यांनी १८१८ मध्ये प्रसिद्ध केला.

इटॅलिक म्हणजे उभे अक्षर नुसते कलते करणे नव्हे. व्हेनिसचे मुद्रक आल्दुस मानुशियस यांनी १५०१ मध्ये ते ग्रंथछपाईत आणले, तेव्हा त्याचा आदर्श होता लेखणीने भरभर लिहिलेले हस्ताक्षर. म्हणून त्याची वळणे स्वतंत्र असतात. हस्ताक्षराचा हा ओघ आणि बोदोनींची काटेकोर रेघ एकत्र आली, की अक्षराला डौल येतो.

हा डौल मोठ्या आकारातच खुलतो. खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचे अक्षर वेगळे कोरले जाई. त्यामुळे लहान अक्षरातील बारीक रेघ थोडी दणकट ठेवता येई. संगणकावर बहुधा एकच आराखडा लहानमोठा केला जातो. ४८ पॉइंटात सुबक दिसणारी रेघ ८ पॉइंटात सहापट बारीक होते. खरखरीत कागदावर ती तुटते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी ठेवली, तर भोवतालची शाई पसरून ती बुजवते. उरतात केवळ जाड दांडे, आणि वाचक अडखळतो.

म्हणून हे अक्षर मथळा, नाव, एखादे अवतरण अशा मोजक्या शब्दांसाठी, भोवती भरपूर मोकळी जागा सोडून वापरावे. सलग मजकूर, औषधाची सूचना, पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक यांसाठी साधे, उभे अक्षरच योग्य. पत्रिका दुभाषी असेल, तर देवनागरी सरळच ठेवावी. देवनागरीला इटॅलिकची अशी जुनी परंपरा नाही. संगणक उभे अक्षरच ओढून तिरपे करतो आणि त्याचे वळण बिघडते.

पत्रिका छापण्यापूर्वी तिची प्रत्यक्ष आकारातील प्रत घरातील ज्येष्ठांच्या हाती द्यावी. वधूवरांची नावे देखणी दिसली, पण कार्यालयाचा पत्ता वाचता आला नाही, तर ती पत्रिका पाहुण्यांच्या काय कामाची?