बुद्धिमान परिवहन प्रणाली आणि शासकीय धोरण : नेरूळच्या संदर्भात

प्रस्तावना : संवेदक, कॅमेरे व उपग्रहीय स्थाननिर्धारण यांद्वारे वाहतुकीची माहिती संकलित करून तिच्या आधारे तत्काळ निर्णय घेणारी व्यवस्था म्हणजे बुद्धिमान परिवहन प्रणाली होय.

धोरण व अंमलबजावणी : केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने रस्त्याच्या जागावाटपात वाहनाऐवजी माणसाला केंद्रस्थानी मानले. प्रत्यक्षात मात्र वाहनकेंद्री यंत्रणाच वेगाने विस्तारल्या. २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरील पथकरासाठी फास्टॅग अनिवार्य झाला. जुलै २०२४ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अतिवेग व मार्गिकाभंग कॅमेऱ्याने टिपून ई-चलान पाठविले जाऊ लागले. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे; परंतु लोकल व बसने प्रवास करणाऱ्यास त्यातून फारसे काही लाभत नाही.

नेरूळची स्थिती : येथे हार्बर मार्ग आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत पूर्ण झालेला लोहमार्ग एकत्र येतात. उरणच्या फेऱ्या हार्बरच्या तुलनेत विरळ आहेत. त्यामुळे हार्बरची लोकल काही मिनिटे उशिरा आली तरी उरणची गाडी चुकते व प्रवासी दीर्घकाळ खोळंबतो. लोकलच्या विलंबाची माहिती महापालिकेच्या परिवहन उपक्रमास त्याच क्षणी मिळाल्यास बसच्या सुटण्याची वेळ त्यानुसार बदलता येईल. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सामायिक प्रवासपत्राचा हेतूही विविध साधनांना जोडण्याचाच होता.

निष्कर्ष : तंत्रज्ञान उपलब्ध आहे, उणीव आहे ती संस्थांमधील माहितीच्या देवाणघेवाणीची. ही देवाणघेवाण बंधनकारक करणे आणि वाहनांच्या वेगाऐवजी प्रवाशाचा वाचलेला वेळ हा यशाचा निकष मानणे, हेच भावी धोरणाचे मुख्य सूत्र असावे.