आधी असलेली इमारत

आर्किटेक्चरची पदवी पाच वर्षांची. ती पाच वर्षं विद्यार्थी मुख्यतः अजून न बांधलेल्या इमारती काढत असतो. पुढची एम.आर्क. दोन वर्षांची, चार सत्रांची. तिथे संशोधनाची वाट धरली की समोर उभी असलेली इमारत नीट काढायला शिकावं लागतं. प्रबंधाची मार्गदर्शक म्हणून मला हा पालट फार मोलाचा वाटतो.

पहिल्या दोन सत्रांत सिद्धान्त, संशोधनपद्धती, वाचन, स्टुडिओ. तिसऱ्यात विषय, आणि तो नेहमी अवाढव्यच येतो. एक विद्यार्थिनी ‘पुण्यातील वाड्यांचं संवर्धन’ घेऊन आली. सिनॉप्सिस पुन्हा पुन्हा लिहून शेवटी प्रश्न एवढाच उरला: १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठल्यावर, नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या चौकाचं आणि सोप्याचं काय झालं?

प्रश्न इतका आवळला, तरच टेप हातात घेण्यात अर्थ. आधी कच्चं रेखाटन, मग मापं. जुन्या खोलीचे कोपरे काटकोनात असतीलच असं नाही, म्हणून चारही भिंतींबरोबर दोन्ही कर्ण मोजायचे. भिंतीतली दारं-खिडक्या सुटी सुटी मोजायची नाहीत. टेपचा शून्य एका टोकाला धरून सगळी मापं तिथूनच घ्यायची, नाहीतर प्रत्येक मापातली बारीक चूक साठत जाते. भिंतीचा कल ओळंब्याने कळतो. जमीन उंचसखल, म्हणून पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने सगळीकडे एकच आडवी पातळी खुणावतात आणि उंची तिच्यापासून वर-खाली मोजतात. लेसर मीटर मदतीला असतो, पण खांबाखालच्या तळखड्याची घडण आणि छताच्या कडीपाटाचे सांधे जवळ जाऊन, हात लावूनच कळतात.

त्या वाड्याचा नकाशा १:५० ला उतरला आणि सोप्यातली एक भिंत खटकली. बाकीच्या भिंती हातभर जाड, ही जेमतेम अर्ध्या विटेची. खांबाचा तळखडा तिने निम्मा गिळलेला. म्हणजे मागाहून घातलेली. वाड्यातल्या एक आजी म्हणाल्या, “पानशेतनंतरची आहे गं ती. त्याआधी इथे पोरं झोपायची.” म्हणजे १९६१च्या पानशेतच्या पुरानंतरची. पण एकट्या आठवणीवर थांबता येत नाही. मालमत्ता कराच्या नोंदी, सिटी सर्व्हेचा नकाशा, शेजारच्या बिऱ्हाडाची मुलाखत, सगळं एकमेकांशी ताडून पाहायचं. या ताडण्यात महिने जातात आणि खरं संशोधन तेच, असं माझं ठाम मत आहे.

चौथ्या सत्रात लेखन, आणि मग तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी थेट विचारलं, “ही भिंत नंतरची, कशावरून?” विद्यार्थिनीने ती भिंत आणि तळखडा यांच्या सांध्याचं १:५चं रेखांकन पुढे ठेवलं.

असे प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन तिथेच राहतात, याचं मला वाईट वाटतं. वाडे भराभर पाडले जाताहेत. ही मापं महापालिकेच्या हेरिटेज विभागापर्यंत पोचायला हवीत. आणि एक प्रत त्या वाड्यातल्या माणसांच्या हाती द्यावी, असा मी प्रत्येकीकडे आग्रह धरते.