गाळणी आणि गाळप : एस्प्रेसोच्या जाळीदार वाटीविषयी

एस्प्रेसो कॉफीच्या यंत्रात मुठीच्या कड्यात बसविलेली जी सच्छिद्र धातूची वाटी असते, तिला ‘फिल्टर बास्केट’ म्हणतात. मराठीत तिला सहजच ‘गाळणी’ म्हटले जाते, आणि ह्या नावाबरोबर एक समजूतही येते : छिद्रे जितकी बारीक, तितकी कॉफी चांगली. चहाच्या गाळणीपुरते हे चालेल. तेथे चहा अगोदरच उकळून झालेला असतो व गाळणीने केवळ चोथा अडवावयाचा असतो. एस्प्रेसोत मात्र कॉफी त्या वाटीतच तयार होते. म्हणून हा प्रश्न निव्वळ नावाचा राहत नाही.

‘गाळणे’ हे ‘गळणे’ ह्याचे प्रयोजक रूप होय. पडणे-पाडणे, चळणे-चाळणे ह्या जोड्यांप्रमाणेच. घाम गाळणे, अश्रू गाळणे, दारू गाळणे ह्या प्रयोगांत चाळणीचा मागमूस नाही. द्रव बाहेर पडावयास लावणे हाच धातूचा मूळ व्यापार. चोथा अडविणे हा त्याचा एक विशेष प्रसंग. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात हा व्यापक अर्थ रोजच्या बोलण्यात आहे. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यानंतर जिल्ह्यात असे अनेक कारखाने निघाले, आणि ‘गाळप हंगाम’ हा शब्द दिवाळी-दसऱ्यासारखा कालगणनेचा झाला. उसाचे गाळप म्हणताना कोणाच्याही मनात गाळणी नसते. ऊस रुळांतून पिळला जातो, आणि चिपाडात उरलेली साखर निघावी म्हणून त्यावर पाणी शिंपडून ते पुन्हा पिळले जाते. एस्प्रेसोचे कार्य ह्या दुसऱ्या क्रियेच्या फार जवळचे आहे. सुमारे नऊ वातावरणांच्या दाबाखाली ऊन पाणी दळलेल्या कॉफीतून जाते आणि तिच्यातील विद्राव्य अंश धुऊन आणते.

गाळपाबरोबर ‘उतारा’ही येतो. शंभर किलो उसामागे किती किलो साखर हाती आली, हा साखर उतारा. उसाचा रास्त व किफायतशीर दर त्याच्याशी बांधलेला असल्याने (२०२४-२५ च्या हंगामास पायाभूत उतारा १०.२५ टक्के होता) ह्या शब्दाचा अर्थ येथील शेतकऱ्यास समजावून द्यावा लागत नाही. कॉफीचेही गणित हेच आहे. १८ ग्रॅम पुडीपासून ३६ ग्रॅम पेय निघाले व त्यात दहा टक्के विद्राव्य द्रव्य असले, तर ३.६ ग्रॅम कॉफी पाण्यात उतरली. म्हणजे उतारा २० टक्के. सामान्यतः १८ ते २२ टक्के ही मर्यादा इष्ट मानतात.

येथे मात्र साम्य संपते. साखरेचा उतारा वाढला म्हणून कोणी तक्रार करीत नाही. कॉफीचा फार वाढला तर ती कडू व तुरट होते, कमी पडला तर आंबट व पचपचीत लागते. शिवाय २० टक्के ही सरासरी असते. सरीचा वरंबा एका जागी फुटला की सारे पाणी तिकडेच धावते व शेजारचा ऊस कोरडा राहतो. तसे वाटीतही घडते. एका भागातून पाणी वेगाने जाते, तेथील पूड अति धुतली जाते, बाकीची अर्धवट राहते. एकाच पेल्यात आंबटपणा व कडवटपणा एकत्र आले, तर हीच शंका प्रथम घ्यावी. २०२० साली ‘मॅटर’ ह्या नियतकालिकात हेंडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की दळण एका मर्यादेपलीकडे बारीक केल्यास उतारा वाढण्याऐवजी घटतो, कारण प्रवाह विषम होतो.

वाट्यांची तुलना ह्याच दृष्टीने करावयास हवी. छिद्रांचा व्यास ढोबळ मानाने ०.३ मिलिमीटर असतो. दळणातील सर्वांत बारीक कण त्याहून पुष्कळच लहान असतात. तेव्हा पाण्यास मुख्य अडथळा जाळीचा नसून कॉफीच्या थराचाच. जाळीने तो थर पेलावा आणि पाणी सर्वत्र सारखे सोडावे, एवढेच तिचे काम. सात ग्रॅमची एकेरी वाटी तळाशी निमुळती असते. तिच्यात थराची जाडी व रुंदी जागोजाग बदलते, म्हणून ती सांभाळणे कठीण. सरळ भिंतींची दुहेरी वाटी (१४ ते २० ग्रॅम) पुष्कळ समंजस. छिद्रे काटेकोर एकसारखी असलेल्या महागड्या वाटीतून पाणी बहुधा जलद वाहते, म्हणून दळण किंचित बारीक करावे लागते. जुन्याच दळणावर तिची परीक्षा घेऊन तिला नावे ठेवणे अन्यायाचे होय. घरगुती यंत्रांतील दुहेरी तळाच्या वाटीची गोष्ट निराळी. तिच्या बाहेरच्या तळाला एकच सूक्ष्म छिद्र असते. अडथळा तेथे निर्माण होतो, आणि फेसही तेथेच. दळण जाडेभरडे असले तरी फेस येतोच. त्यावरून उताऱ्याचा अंदाज बांधू नये.

दोन वाट्या ताडून पाहताना पुडीचे वजन, पाण्याचे उष्णमान आणि पेल्यातील पेयाचे वजन तीच ठेवावीत. दळण मात्र वेळ जुळेपर्यंत बदलावे. विद्राव्य अंश मोजण्यास रिफ्रॅक्टोमीटर लागतो. उसाची पक्वता पाहण्यासाठी शेतात वापरतात त्याच तत्त्वाचा, पण निराळ्या अंकनाचा. तो नसल्यास चोथा मंद आचेवर पूर्ण वाळवून तोलावा व घट मोजावी. मात्र पुडीतही मुळात थोडा ओलावा असतो. तेवढीच कोरडी पूड वेगळी वाळवून तो आधी वजा केला नाही, तर दोन्ही वाट्यांचा उतारा खऱ्याहून अधिक दिसेल.