सैन्य थोडं, कागद फार

8 नोव्हेंबर 1800च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये एका भाड्याच्या घराला आग लागली. राजधानी फिलाडेल्फियाहून इथे येऊन सहा महिनेही झाले नव्हते. रस्ते चिखलाचे आणि सरकारी इमारती अर्धवट, त्यामुळे खात्यांनी मिळेल त्या जागेत बस्तान बसवलं होतं. जळालेल्या घरात अमेरिकेच्या युद्ध खात्याचं दप्तर होतं. सेनापतींची पत्रं, किल्ल्यांचे अहवाल, हजेरीपट, कंत्राटं, जखमी सैनिकांचे अर्ज आणि आदिवासी राष्ट्रांशी चाललेल्या वाटाघाटींची टिपणं त्या रात्री गेली. देशाच्या पहिल्या पंधरा-सोळा वर्षांच्या लष्करी कारभाराची आठवणच पुसली गेली म्हणा ना.

निवडणुकीचे दिवस होते. पुढच्या जानेवारीत अर्थ खात्याच्या कचेरीतही आग लागली, तेव्हा विरोधकांच्या वर्तमानपत्रांनी सरळ आरोप केला की सत्तेवरच्या फेडरलिस्ट पक्षाने हिशोब लपवण्यासाठी कागद जाळले. संसदेच्या समितीने चौकशी केली, पण आरोप काही शाबीत झाला नाही.

या खात्याची सुरुवात पाहिली तर एवढे कागद आले कुठून असा प्रश्न पडतो. स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर लोकप्रतिनिधींना खड्या फौजेची धास्ती होती. राजाची फौज अंगणात आली की काय होतं, हे बॉस्टनकरांनी भोगलेलं होतं. म्हणून जून 1784मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, फौज उतरवत उतरवत 80 माणसांवर आणली. पिट किल्ल्यावर 25 आणि वेस्ट पॉइंटला 55, तीही मुख्यतः कोठारं राखायला. दुसऱ्याच दिवशी चार राज्यांकडून 700 जणांची नवी पलटण मागवावी लागली, कारण पश्चिमेची सरहद्द कोणीतरी सांभाळायलाच हवी होती.

मार्च 1785पासून हे सगळं हेन्री नॉक्सच्या हाती आलं. नॉक्स मूळचा बॉस्टनचा पुस्तकविक्रेता. तोफखान्याची विद्या तो दुकानातल्या पुस्तकांतून शिकला आणि 1775-76च्या हिवाळ्यात टायकॉन्डेरोगाहून सुमारे 60 तोफा बर्फावरून ओढून त्याने बॉस्टनसमोर आणल्या. असा माणूस कागदाला कंटाळणारा नव्हता. 1789मध्ये नव्या राज्यघटनेखाली युद्ध खातं रीतसर स्थापन झालं आणि तोच मंत्री राहिला. जॉन स्टॅग हा त्याचा मुख्य कारकून, आणि हाताखाली मोजके लेखनिक. एवढ्या माणसांवर किल्ले, शस्त्रागारं, पेन्शनी आणि आदिवासींचा सगळा व्यवहार चालायचा. आदिवासी खातं तर 1849पर्यंत युद्ध मंत्र्याकडेच होतं. नव्या प्रजासत्ताकाने या राष्ट्रांकडे कसं पाहिलं, ते या एका गोष्टीवरून कळावं.

आलेल्या पत्राची घडी घालून पाठीवर कोणाचं, कधीचं, कशाबद्दल एवढं लिहायचं. जाणाऱ्या पत्राची नक्कल वहीत उतरवायची. सरहद्दीवरचं पत्र महत्त्वाचं असेल तर त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या वाटांनी रवाना करायच्या, कारण एक तरी पोचावी. मंत्र्याचा हुकूम ओहायो नदीकाठच्या छावणीत पोचेपर्यंत तिथली परिस्थिती पालटलेली असे आणि सेनापतीचं उत्तर फिलाडेल्फियात येईतो मंत्र्याचं मत. त्यात 1793मध्ये पीतज्वराच्या साथीने फिलाडेल्फियात हजारो माणसं मेली. नॉक्ससह सरकारातली बडी मंडळी शहराबाहेर गेली आणि कारभार काही आठवडे जवळजवळ थांबला.

या पत्रव्यवहाराचं सगळ्यात कडू फळ म्हणजे 1791ची मोहीम. वायव्येकडच्या मायामी, शॉनी आणि इतर राष्ट्रांना नमवायला जनरल आर्थर सेंट क्लेअरला पाठवलं. साध्या शिपायाचा पगार कायद्याने महिना 3 डॉलर, पण त्यातले 90 सेंट गणवेशापोटी आणि 10 सेंट औषधपाण्यापोटी कापले जात. हातात दोन डॉलर. रोजच्या शिध्यात एक पौंड गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचं मांस, एक पौंड पाव किंवा पीठ आणि थोडी दारू. शंभर शिध्यांमागे मीठ, व्हिनेगर, साबण आणि मेणबत्त्या. कागदावर सगळं चोख होतं. प्रत्यक्षात रसदीचं कंत्राट विल्यम ड्युअरकडे होतं, आणि हा गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये सट्टा खेळण्यात गुंतलेला. पुरवठा अधिकारी सॅम्युएल हॉजडन फिलाडेल्फियातच रेंगाळला. ओझ्याच्या घोड्यांची खोगिरं फिलाडेल्फियात बनवून पिट किल्ल्यावर धाडली. ती तिथे मिळणाऱ्या खोगिरांपेक्षा महाग पडली आणि बहुतेक इतकी मोठी निघाली की घोड्यांवर बसेनात. उन्हाळ्यात निघायची मोहीम शरद ऋतूत निघाली. 4 नोव्हेंबर 1791च्या पहाटे वाबाश नदीच्या उगमाजवळ लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट यांच्या योद्ध्यांनी छावणी घेरली. 600हून अधिक सैनिक मारले गेले. बातमी राजधानीत यायला महिना लागला.

त्याच सुमारास हजारो मैलांवर, योगायोग बघा, यॉर्कटाउनला याच अमेरिकनांपुढे हरलेला कॉर्नवॉलिस हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता, आणि हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा सोबतीला घेऊन टिपूवर चालून जात होता. यॉर्कटाउनला त्याच्यावर तोफा डागणारा नॉक्स मात्र फिलाडेल्फियात खोगिरांच्या तक्रारी वाचत बसला होता.

सेंट क्लेअरच्या पराभवाची चौकशी करायला काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने मार्च 1792मध्ये समिती नेमली. काँग्रेसने सरकारी कारभाराची केलेली ही पहिलीच चौकशी. समितीने नॉक्सकडे कागद मागितले, आणि इथे अध्यक्ष वॉशिंग्टन थबकला. मागितलं की द्यायचं का? मंत्रिमंडळातल्या जेफर्सन, हॅमिल्टन, नॉक्स आणि रँडॉल्फ यांना बोलावून त्याने सल्ला घेतला. ठरलं ते असं: सभागृहाला कागद मागण्याचा हक्क आहे, पण जे उघड केल्याने सार्वजनिक हिताला धक्का बसेल ते अध्यक्ष रोखू शकतो. या प्रकरणात रोखण्याजोगं काहीच नव्हतं. मात्र समितीला नकलाच द्याव्यात आणि हवं असल्यास कारकुनाने अस्सल कागद नेऊन ताडून दाखवावेत. हे सगळं जेफर्सनने टिपून ठेवलं, म्हणून आपल्याला माहीत. आजही अमेरिकेचे अध्यक्ष संसदेला कागद नाकारताना ज्या विशेषाधिकाराचा आधार घेतात, त्याचं मूळ या बैठकीत सापडतं. कारकुनाच्या हातातले ते अस्सल कागद आठ वर्षांनी आगीत गेले.

समितीने सेंट क्लेअरला निर्दोष ठरवून दोष पुरवठ्याच्या गलथानपणावर आणि कायदा उशिरा झाल्यावर ठेवला. खरेदीचं काम युद्ध खात्याकडून काढून अर्थ खात्याकडे दिलं गेलं. सहा वर्षांनी ते परत आलं. माझ्या मते या फिरवाफिरवीने बूट काही लवकर पोचले नाहीत, उलट एका पत्राच्या जागी दोन पत्रं लिहावी लागली.

1798मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटेल असं वाटून मोठी फौज उभारायचं ठरलं आणि हॅमिल्टन इन्स्पेक्टर जनरल झाला. तेव्हाचा युद्ध मंत्री जेम्स मॅकहेन्री हा भला माणूस, पण हॅमिल्टनच्या पत्रांपुढे कोणाचाही श्वास कोंडला असता. टोप्या नीट नाहीत, गुंड्या नाहीत, पैसे नाहीत, भरती अडली आहे. पुन्हा सरसेनापती झालेल्या वॉशिंग्टनच्या स्वतःच्या नव्या गणवेशावरही बरीच पत्रं खर्ची पडली. जरतारी कामासाठी तारच मिळेना. जमिनीवर युद्ध झालंच नाही, फौज मोडली. पत्रं उरली.

खात्याची पत्रं जळाली तरी ती ज्यांना लिहिली त्यांच्याकडे अस्सल प्रती होत्या, आणि मंत्री व सेनापती आपापले कागद घरी नेत. नॉक्सचे कागद राहिले, जनरल वेनचे पेनसिल्व्हेनियात राहिले, जनरल हार्मरचे आज ॲन आर्बरच्या क्लेमेंट्स ग्रंथालयात आहेत. थिओडोर क्रॅकेल या इतिहासकाराने अनेक वर्षं खपून दोनशेहून जास्त संग्रहांतून, कॅनडा, इंग्लंड आणि फ्रान्सपर्यंत जाऊन, चाळीस हजारांहून अधिक कागदांच्या प्रती गोळा केल्या. जळालेलं दप्तर असं पत्त्यावरून मागे परत आलं. काही कागद तर शत्रूच्या किंवा परक्याच्या कपाटात होते. क्रीक लोकांचा नेता अलेक्झांडर मॅकगिलिव्हरे याला 1790च्या तहातल्या गुप्त कलमाने ब्रिगेडियर जनरलची सनद आणि वर्षाला 1200 डॉलर मिळाले. तो स्पेनच्या गव्हर्नरांनाही पत्रं लिहीत होता. जनरल जेम्स विल्किन्सन तर एकीकडे नॉक्सला पत्रं लिहून आपल्याच सेनापतीविरुद्ध, म्हणजे वेनविरुद्ध, कागाळ्या करी आणि दुसरीकडे स्पेनकडून पैसे घेई. त्याचं बिंग शेवटी स्पॅनिश दप्तराने फोडलं.

पुण्याशी नातं असलेला एक माणूसही या कागदांत भेटतो. मॅसॅच्युसेट्सचा जॉन पार्कर बॉइड 1786मध्ये तिथल्या शेज नावाच्या पुढाऱ्याच्या शेतकरी-बंडामुळे उभारलेल्या पलटणीत दाखल झाला. 1789मध्ये तो हिंदुस्थानात आला, निजामाकडे आणि पुढे पेशव्यांकडे पलटणी घेऊन चाकरीला राहिला. मायदेशी परतल्यावर 1808मध्ये त्याच खात्याने त्याला चौथ्या पायदळाचा कर्नल नेमलं आणि 1811मध्ये टिपेकनूच्या लढाईत तो लढला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या पुण्यातून थेट इंडियानाच्या जंगलात.

पण हे परत मिळालेलं दप्तर मूळ दप्तर नव्हे, आणि इतिहासकार कधी कधी हे विसरतात. पत्रं जपायला घर लागतं, कपाट लागतं, आपण मोठे आहोत ही जाणीव लागते. मंत्री आणि सेनापतींचं परत आलं. स्वातंत्र्ययुद्धात हातपाय गमावलेल्या शिपायाने पेन्शनसाठी जो अर्ज केला, त्याची एकच प्रत होती आणि ती खात्याकडे होती. 1800पूर्वीचे बहुतेक अर्ज कायमचे गेले. काँग्रेसला पाठवलेल्या काही याद्यांत नावं तेवढी उरली. 1818मध्ये गरजू जुन्या सैनिकांना पेन्शन देणारा कायदा झाला, आणि दोन वर्षांनी त्यांना आपली मालमत्ता लिहून द्यायला लावलं. म्हाताऱ्या शिपायांनी न्यायाधीशासमोर आपल्या गाई, भांडी आणि कर्जं मोजून दाखवली. ते कागद वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शाबूत आहेत. त्या काळाच्या फौजेबद्दल ज्याला खरंच जाणून घ्यायचं आहे, त्याने नॉक्स आणि हॅमिल्टन यांची पत्रं नंतर वाचावीत, आधी या मालमत्तेच्या याद्या वाचाव्यात.