नोकरी सांभाळून जगाचा अभ्यास

तंजावरहून दक्षिणेकडे पट्टुकोट्टैच्या रस्त्याला लागले म्हणजे भाताच्या खाचरांमधून जाता जाता ओरत्तनाडु हे गाव लागते. गावाची बोली तामिळ, बाजारही तामिळ. परंतु तेथील सर्वांत नामांकित जुनी वास्तू एका मराठी राजाची आहे. तंजावरचे दुसरे सरफोजी महाराज यांनी १८०२ च्या सुमारास मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ हे छत्र बांधले. छत्र म्हणजे आपली धर्मशाळा आणि अन्नछत्र ही दोन्ही एकत्र. पण तंजावरच्या छत्रांत विद्यादानही चालत असे.

१७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. तेव्हा छत्रांची व्यवस्था मोडू नये म्हणून महाराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटास एक पत्र लिहिले. वाटसरू कोणत्याही जातीचा असो, त्याला छत्रात अन्न मिळते. आजारी पडला तर बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा होते. पोरक्या मुलांना पंतोजीच्या हाती सोपवून जेवूखाऊ घालतात, असे त्यात सांगितले आहे. त्यातील एक गोष्ट विसरता येत नाही. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा करीत, की ज्यांचे जेवण राहिले असेल त्यांनी अजूनही यावे.

श्रोतेहो, आजच्या विषयाचा प्रारंभ मी या घंटेपासून करतो, त्याला कारण आहे. विद्येच्या पंगतीतही पुष्कळांचे जेवण राहून गेलेले असते. वडील लवकर गेले, बहिणीचे लग्न होते, नोकरी हाताशी आली. पदवी झाली आणि पुढचे शिक्षण राहिले. अशा एखाद्या शिक्षकाला किंवा कारकुनाला पस्तिसाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाची एम.ए. पदवी नोकरी न सोडता घ्यावीशी वाटली, तर त्याने काय करावे?

प्रथम विषयाची ओळख करून घेऊ. राष्ट्रे परस्परांशी कशी वागतात, युद्धे का होतात, तह का टिकतात किंवा मोडतात, व्यापार, नद्या, समुद्र आणि निर्वासित यांच्यावरून उठणारे तंटे कसे मिटतात, याचा हा अभ्यास होय. पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर १९१९ साली वेल्समधील अॅबरिस्टविथ येथे या विषयाचे जगातील पहिले अध्यासन स्थापन झाले. आपल्याकडे १९५५ साली दिल्लीत इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज ही संस्था निघाली. १९७० साली ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली.

विद्यापीठातील विषय म्हणून तो नवा. अनुभव म्हणून मात्र तंजावरला जुनाच. तेथील नायक राजाने १६२० साली डेन्मार्कच्या लोकांना तरंगमबाडीत वखारीची परवानगी दिली. नागपट्टणात प्रथम पोर्तुगीज, मग डच होते. मराठ्यांच्या अमदानीत कारैकाल फ्रेंचांकडे गेले आणि देवीकोट्टै इंग्रजांनी घेतले. एवढ्याशा राज्याला चार-पाच युरोपीय सत्तांशी एकाच वेळी बोलणी करावी लागत. त्या दरबाराचे मोडी कागद तंजावरात आजही आहेत.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे वळू. पहिली गोष्ट मान्यतेची. ज्या संस्थेत नाव घालावयाचे तिला, आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला, विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे की नाही हे शुल्क भरण्यापूर्वी आयोगाच्या यादीत स्वतः पाहावे. दलालाच्या शब्दावर विसंबू नये. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या तोडीची मानली जाते, हे आयोगाने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केले आहे. तेव्हा ती दुय्यम आहे या लोकापवादाला भिण्याचे कारण नाही. परदेशी पदवी असेल तर तिला भारतात समकक्षता मिळते का, हेही आधीच विचारावे.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाच्या जातीची. पूर्णवेळ शिक्षण नोकरदाराला साधत नाही. त्याला दोन वाटा आहेत. एक मुक्त विद्यापीठांची: १९८५ चे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८९ चे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, २००२ चे तामिळनाडू मुक्त विद्यापीठ ही त्यांतली काही नावे. येथे हा विषय पुष्कळदा राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या पोटात असतो. म्हणून केवळ पदवीचे नाव न पाहता आतील प्रश्नपत्रिका पाहाव्यात. दुसरी वाट खऱ्या अर्धवेळ अभ्यासक्रमाची. केंब्रिज विद्यापीठात नोकरदारांसाठी या विषयाचा असा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. विद्यार्थ्याने वर्षातून काही थोडे आठवडे तेथे राहावयाचे आणि उरलेले काम घरी करावयाचे. त्याचा खर्च मात्र सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेरचा असतो, आणि शिष्यवृत्त्या बहुधा पूर्णवेळ विद्यार्थ्यांकडेच वळतात.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि बहुतेक उमेदवार येथेच फसतात. अर्धवेळ म्हणजे अर्धे कष्ट नव्हेत. दूरशिक्षणात एका श्रेयांकास सुमारे ३० तासांचा अभ्यास धरतात. वर्षास ३२ श्रेयांक घेतले तर ९६० तास झाले. म्हणजे ४८ आठवडे दर आठवड्यास २० तास. रोज पहाटे दोन तास आणि रविवारी आठ, असा हा हिशेब आहे. तो घरातल्या माणसांसमोर मांडावा आणि त्यांची संमती घ्यावी. कारण हे तास त्यांच्याच वाट्याचे असतात. सरकारी नोकरीत असाल तर वरिष्ठांची लेखी परवानगीही आधीच घ्यावी.

चौथी गोष्ट उद्देशपत्राची. जेथे ते मागतात तेथे अर्जाचा प्राण त्यातच असतो. “मला लहानपणापासून जागतिक घडामोडींची आवड आहे,” असे वाक्य शेकडो अर्जांत असते आणि त्यातून काहीच कळत नाही. ओरत्तनाडूच्या माणसाला तर दूर जाण्याचीही गरज नाही. त्याच्या तालुक्याच्या पलीकडे मल्लिपट्टणमचा किनारा आहे. भारत आणि श्रीलंका यांच्यात १९७४ आणि १९७६ साली सागरी सीमेचे करार झाले; कच्चतीवु बेट लंकेच्या बाजूस गेले; आणि मासे मात्र सीमा ओळखत नाहीत. कराराची भाषा आणि कोळ्याचे जाळे यांचा मेळ का बसत नाही, हे मला शोधावयाचे आहे, असे त्याने लिहिले तर परीक्षकाला तो माणूस दिसू लागतो. मोडी वाचणाऱ्याने तंजावरच्या कागदांवरून प्रश्न उभा करावा. प्रश्न आपल्या अंगणातला असावा आणि त्याचे उत्तर जगाच्या उपयोगी पडावे.

शिफारसपत्र मोठ्या नावाचे असण्यापेक्षा आपले काम प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचे असावे. गुणपत्रके आणि नावातील फरकाची प्रमाणपत्रे दोन महिने आधी जुळवावीत. दाक्षिणात्य पद्धतीची आद्याक्षरे आणि आपली आडनावे यांचा घोळ तंजावरच्या मराठी कुटुंबांना चांगला ठाऊक आहे.

शेवटी एक स्पष्ट बोलले पाहिजे. या पदवीने कोणी राजदूत होत नाही. भारतीय परराष्ट्र सेवेचा मार्ग लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून जातो. तिला कोणत्याही विषयाची पदवी पुरते, परंतु वयाची अट असते. पस्तिशीतल्या बहुतेकांना ते दार बंद झालेले असते. मग हा खटाटोप कशासाठी? वर्तमानपत्रातील बातमी आणि आपल्या गावाचे सुखदुःख यांमधला धागा दिसावा यासाठी. जो शिक्षक तो धागा पाहू शकतो, तो दरवर्षी वर्गातील मुलांनाही दाखवू शकतो, आणि हे फळ लहान नाही.

हिशेब मांडूनही मन मागे फिरत नसेल, तर अर्ज जरूर करावा. यंदा जमले नाही तर पुढील वर्षी करावा. सरफोजी महाराजांच्या छत्रात उशिरा आलेल्याला कोणी उशिराचे कारण विचारीत नसे. तो उपाशी आहे एवढेच पुरे होते.